खुर्च्या घ्याव्यात, पण फ्लेक्स नको



समितीने मला वीस मिनिटे दिली आहेत आणि विषयही त्यांनीच दिला आहे. कारण तुम्हाला ठाऊक आहे. शाळेला भेट म्हणून शंभर खुर्च्या आणि पाण्याची एक टाकी द्यावी, असे आपल्या ग्रुपवर ठरत आले होते. तेवढ्यात एका मैत्रिणीने लिहिले, "एकीकडे प्लास्टिकमुक्त मेळावा म्हणायचे आणि दुसरीकडे शाळेला प्लास्टिक द्यायचे, हे कसे?" मग त्या रात्री जे झाले ते इथे सांगत नाही, आपले शिक्षक समोर बसले आहेत. शेवटी कुणीतरी तोडगा काढला, की याची सगळी नोकरी प्लास्टिकात गेली, याच्याकडूनच निकाल घ्या.

नोकरी गेली हे खरे आहे. रसायनशास्त्रात बी.एस्सी. झालो आणि आसनगावहून पहाटेची लोकल धरून ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या मोल्डिंगच्या कारखान्यांत तीस वर्षे काढली. बादल्या, क्रेट, डबे, ड्रमची झाकणे. त्यामुळे मी प्लास्टिकच्या बाजूचा माणूस आहे असे कुणाला वाटले तर रागावणार नाही. पण आधीच सांगतो, त्या मैत्रिणीचा प्रश्न बरोबर होता. फक्त त्यातला 'प्लास्टिक' हा शब्द फार मोठा होता. 'झाड चांगले की वाईट?' या प्रश्नाला उत्तर नसते. कुठले झाड, कुठे लावले, हे विचारावे लागते. इथेही तसेच आहे.

थोडे शास्त्र सांगतो. सरांनी दहावीला फळ्यावर 'इथिलीन' लिहून दोन कार्बनच्या मध्ये दोन रेघा काढल्या होत्या. दुहेरी बंध. तो मला तेव्हा फक्त मार्कांपुरता कळला. आज मैदानावरच्या भाषेत सांगतो. दोन पोरे समोरासमोर उभी आहेत आणि त्यांनी एकमेकांचे दोन्ही हात धरले आहेत. हा इथिलीनचा रेणू. अशा हजारो जोड्या मैदानावर आहेत. आता बाहेरून एकाने येऊन एका जोडीला धक्का दिला, की त्या दोघांचा एकेक हात सुटतो, आणि सुटलेला हात शेजारच्या जोडीतल्या एकाला पकडतो. त्या जोडीचाही एक हात सुटतो, तो पुढच्याला पकडतो. बघता बघता मैदानभर एक लांब साखळी तयार होते. कुणी गळत नाही, कुणी बाहेर पडत नाही, जेवढे होते तेवढे सगळे साखळीत. याला समावेशन बहुवारिक म्हणायचे. सुटी जोडी ती एकवारिक, साखळी ती बहुवारिक. इथिलीन हा वायू आहे, आणि त्याची साखळी म्हणजे पॉलिथीन, आपल्या पिशवीचे.

नायलॉन आणि पाण्याच्या बाटलीचे पेट यांची जात वेगळी. त्यांच्या साखळीत प्रत्येक हात जोडताना पाण्यासारखा एक छोटा रेणू बाहेर पडतो. त्यामुळे बाटली आजच्या विषयातून थोडी बाहेर राहते, पण कचऱ्यात ती सगळ्यांच्या बरोबरच सापडते.

आता त्या पोरांपैकी दर दुसऱ्याच्या पाठीवर एक दप्तर द्या. दप्तर कसले, यावर सगळे गुण बदलतात. मिथिल गट दिला की पॉलिप्रॉपिलीन: कडक, हलके, उकळत्या पाण्याला न डगमगणारे. क्लोरीन दिले की पीव्हीसी. बेंझिनचे कडे दिले की पॉलिस्टायरीन, आणि त्यात हवा फुगवली की थर्माकोल. त्यात शेकडा पंच्याण्णवच्या वर हवाच असते. आणि दप्तराऐवजी सगळ्या हायड्रोजनच्या जागी फ्लोरीन बसवले की टेफ्लॉन. नळाच्या आट्यांवर प्लंबर पांढरी फीत गुंडाळतो, तो टेफ्लॉनच.

दप्तर नसलेल्या साध्या पॉलिथीनमध्येही दोन प्रकार आहेत. आपल्याकडची उपमा देतो. कारवीच्या सरळ काठ्यांची मोळी बांधली तर ती घट्ट बसते. बोरीच्या फांद्यांची मोळी कितीही आवळा, फांद्यांमुळे मध्ये पोकळी राहतेच. सरळ साखळ्यांचे ते एचडीपीई, त्याचे ड्रम आणि कॅन होतात. फांद्या फुटलेल्या साखळ्यांचे ते एलडीपीई, त्याची मऊ पिशवी होते. पहिले सुमारे १३० अंशांना वितळते, दुसरे ११० च्या आसपास. पदार्थ एकच, मोळी वेगळी.

हे पॉलिथीन सापडले तेही योगायोगाने. मार्च १९३३ मध्ये इंग्लंडमधल्या आयसीआय कंपनीच्या प्रयोगशाळेत गिब्सन आणि फॉसेट हे दोघे प्रचंड दाबाखाली इथिलीनवर भलताच प्रयोग करत होते. हवे ते मिळाले नाही. भांड्याच्या तळाशी चिमूटभर पांढरे मेणासारखे काहीतरी मिळाले. त्याचा पहिला मोठा उपयोग दुसऱ्या महायुद्धात रडारच्या तारांवरच्या वेष्टनासाठी झाला. भाजीच्या पिशवीचा विचार तेव्हा कुणाच्या डोक्यात नव्हता. पुढे १९५३ मध्ये जर्मनीत त्सीग्लर यांनी कमी दाबावर सरळ साखळीचे पॉलिथीन केले, त्या वाटेने इटलीत नाट्टा यांनी पॉलिप्रॉपिलीन केले, आणि १९६३ चे नोबेल दोघांना मिळून गेले.

आपल्या भागाशी याचा संबंध लोकांना वाटतो त्यापेक्षा जवळचा आहे. १९६० च्या दशकात तुर्भ्याला आणि ठाणे-बेलापूर रस्त्यावर नाफ्त्यापासून इथिलीन करणारे कारखाने उभे राहिले, म्हणजे या देशात हा उद्योग मुळात आपल्याच पट्ट्यात रुजला. पुढे १९७४ मध्ये समुद्रात बॉम्बे हायला तेल सापडले. त्याच्याबरोबर निघणारा वायू उरणला आणला गेला, आणि रायगडमधल्या नागोठण्याला त्यापासून इथिलीन आणि प्लास्टिकचे दाणे होऊ लागले. मी तीस वर्षे हाताळलेल्या साबुदाण्यासारख्या दाण्यांच्या गोण्यांपैकी कितीतरी तिथल्या होत्या. म्हणजे वायू आपल्या समुद्रातला, दाणे नागोठण्याचे, बादली ठाणे जिल्ह्यातली आणि विकली शहापूरच्या बाजारात. ती फुटली की तिचे तुकडे ओढ्यातून भारंगीत, भारंगीतून भातसेत, पुढे उल्हासमधून वसईच्या खाडीत आणि परत समुद्रात. या फेरीतला समुद्र ते बाजार हा रस्ता सगळा हिशेबाने चालतो, वजनकाट्यावर आणि बिलावर. बाजार ते समुद्र या रस्त्यावर ना काटा आहे ना बिल.

आता आपल्या घरात या. आपल्या लहानपणी आवणीच्या दिवसांत बाया इरली घेऊन शेतात वाकलेल्या असायच्या. बांबूच्या कामट्या, त्यात पळसाची पाने. इरले हातभर वाऱ्यानेही उलटायचे, आणि दर पावसाळ्याआधी पाने बदलावी लागायची. मग निळा-पिवळा प्लास्टिकचा कागद आला आणि चार-पाच वर्षांत इरली माळ्यावर गेली. हा बदल कुठल्या जाहिरातीने केला नाही. पाठ कोरडी राहते हे बायांनी स्वतः पाहिले.

हंड्याचेही तेच. आपला तालुका तानसा आणि भातसा धरणांचे पाणी मुंबईला पुरवतो, आणि चैत्र-वैशाखात आपल्याच पाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते. ही गोष्ट या सभागृहात कुणाला समजावून सांगायला नको. रिकामा पितळी हंडा उचलतानाच मनगट भरून येते. प्लास्टिकचा हंडा पोरगीसुद्धा दोन बोटांवर उचलते. विहिरीपासून पाड्यापर्यंतचा चढ ज्या बाईला रोज चार वेळा चढायचा आहे, तिला 'प्लास्टिक वापरू नका' असे आपण आसनगावच्या सभागृहात पंख्याखाली बसून सांगणे मला तरी शोभणारे वाटत नाही. जोवर तिच्या दारात नळ नाही तोवर तो हंडा तिच्या डोक्यावर राहू द्या. आणि नळ आला, तरी तो पीव्हीसीच्या किंवा एचडीपीईच्या पाइपातूनच येणार आहे.

पाइप पन्नास वर्षे गंजत नाही. विजेच्या तारेवर पीव्हीसी असते, कारण त्यातल्या क्लोरीनमुळे ते सहज पेट घेत नाही. रक्ताची पिशवी पीव्हीसीची, सुई टोचायची सिरिंज पॉलिप्रॉपिलीनची. शेततळ्यातला कागद पॉलिथीनचा. म्हशीचे दावे आपण म्हशाच्या जत्रेतून 'नायलॉनची दोरी' म्हणून आणतो, ते बहुतेक वेळा नायलॉन नसतेच, पॉलिप्रॉपिलीन असते. खात्री करायची तर विहिरीत टाकून पाहा. नायलॉन बुडते, हे तरंगते.

मग अडचण कुठे येते? ज्या गुणासाठी आपण हे पदार्थ घेतो, त्याच गुणाशी. पालापाचोळा, लाकूड, कापूस, शेण यांच्या साखळ्यांत मध्ये मध्ये ऑक्सिजनचे किंवा नायट्रोजनचे सांधे असतात. जिवाणूंची पाचकद्रव्ये त्या सांध्यांवर घाव घालतात. पॉलिथीनच्या साखळीला असा सांधाच नाही. सलग कार्बनला कार्बन, हजारो वेळा. वर मेणासारखा पृष्ठभाग, पाणी टिकत नाही, आणि रेणू एवढा लांब की जिवाणूच्या आत शिरू शकत नाही. त्यामुळे ते कुजत नाही. उन्हाने मात्र ते ठिसूळ होते. अतिनील किरण साखळी तोडतात, हवेतला ऑक्सिजन तुटलेल्या टोकांवर बसतो, आणि मग ताडपत्रीला हात लावला की तिचा चुरा पडतो. पण तो चुराही प्लास्टिकच असतो. पिशवी 'पाचशे वर्षांनी कुजते' असे आपण पोरांच्या निबंधात वाचतो. पाचशे वर्षे कुणी पाहिली आहेत? हा पदार्थ अजून शंभर वर्षांचा झालेला नाही. एवढे मात्र खात्रीने सांगता येते, की मातीत गाडलेली पिशवी आपल्या नातवंडांना सापडेल. आणि 'विघटनशील' असे छापून विकल्या गेलेल्या पिशव्यांपैकी काहींत फक्त लवकर चुरा व्हावा असे औषध घातलेले असते. त्यापेक्षा सबंध पिशवी बरी, ती निदान उचलता तरी येते.

२०१७ मध्ये तीन संशोधकांनी जगाचा हिशेब मांडला. १९५० ते २०१५ या काळात सुमारे ८३० कोटी टन प्लास्टिक तयार झाले. त्यातून जो कचरा झाला, त्यातला शेकडा ९ पुन्हा वापरात आला, १२ जाळला गेला आणि ७९ टक्के जमिनीत किंवा उघड्यावर पडून आहे. हा सगळ्या प्रकारच्या प्लास्टिकचा मिळून आकडा आहे, पण त्यात मोठा वाटा आज मी सांगतोय त्यांचाच, कारण पॉलिथीन आणि पॉलिप्रॉपिलीन हीच जगात सर्वांत जास्त बनतात.

आपल्याकडे त्याची किंमत कोण देते ते पाहा. पहिली गाय. उष्टे अन्न बांधून फेकलेली पिशवी ती पिशवीसकट खाते. गायीच्या पहिल्या पोटातून पिशवी पुढे सरकत नाही, तिथेच गोळा होत राहते, गाय चारा सोडते. गुरांच्या डॉक्टरांनी पोट उघडून असे गोळे काढलेले आपण सगळ्यांनी वर्तमानपत्रात पाहिले आहेत. दुसरी गटार. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तेवढ्या पावसाला कुठलीच गटारे पुरली नसती, पण तुंबलेल्या नाल्यांत पिशव्या सापडल्या आणि राज्यात ५० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांवर बंदी आली. २३ मार्च २०१८ ला राज्याने थर्माकोलच्या ताट-वाट्या आणि पिशव्यांवर आणखी कडक बंदी आणली. १ जुलै २०२२ पासून देशभर थर्माकोलची सजावट, प्लास्टिकचे चमचे, पेले, स्ट्रॉ बंद झाले. पिशवीची जाडी आधी ७५ आणि त्या वर्षाच्या शेवटी १२० मायक्रॉन झाली.

जाडी वाढवून काय होते, जास्तच प्लास्टिक लागेल ना, असे मला पुष्कळांनी विचारले आहे. मी एकदा कागदावर हिशेब केला. फूट-सव्वा फुटाची २० मायक्रॉनची पिशवी साधारण साडेचार ग्रॅमची. एक किलो भरायला कचरा वेचणाऱ्या बाईला सव्वादोनशे वेळा वाकावे लागेल. १२० मायक्रॉनची असेल तर चाळीसच वेळा. पातळ पिशवी ओढ्यात राहते याचे कारण एवढेच, की तिच्यासाठी वाकणे परवडत नाही. जाड पिशवी दुकानदारालाही फुकट द्यायला परवडत नाही. कायद्यातला हा भाग मला शहाणपणाचा वाटतो. जो भाग सुटला, तो पाकिटांचा. वेफर्स, शाम्पूची पुडी, यांत तीन-चार वेगवेगळे थर एकमेकांना चिकटवलेले असतात. ते वेगळे करता येत नाहीत, म्हणून भंगारवाला हात लावत नाही. पावसाळ्यात माहुलीच्या पायथ्याला किंवा माळशेजला धबधबा पाहून लोक परत गेले, की सोमवारी सकाळी मागे काय उरते ते जाऊन पाहा. बाटल्या दुपारपर्यंत कुणीतरी वेचून नेते. पाकिटे तिथेच.

आणि बंदीनंतर काय आले? आपल्या तालुक्यातल्या कातकरी आणि ठाकूर बाया पळसाच्या पानांच्या पत्रावळी टाचून विकायच्या. थर्माकोलने त्यांचा तो धंदा मोडला. थर्माकोल गेल्यावर पत्रावळ परत येईल असे मला वाटले होते. आले ते चकचकीत कागदी द्रोण आणि ताटे, आतून प्लास्टिकचा पातळ पापुद्रा चिकटवलेली. ती कागदाच्या भट्टीत चालत नाहीत आणि प्लास्टिकच्या भट्टीतही चालत नाहीत. नाव कागदाचे, म्हणून आपले मन मात्र शांत. आज दुपारचे जेवण खऱ्या पत्रावळीवर आहे. समितीने त्या माहुलीखालच्या एका वाडीतून मागवल्या, त्याबद्दल समितीचे अभिनंदन. भात थोडा सांभाळून कालवा, आमटी निसटते.

आता ज्याच्यासाठी मी खरे उभा आहे, ते जाळणे. आपल्याकडे बंब पेटवताना, चूल पेटवताना रॉकेलऐवजी पिशवीची गुंडाळी घालायची सवय लागली आहे. लग्नाचा मांडव उतरला की मागचा सगळा कचरा एका खड्ड्यात घालून काडी लावतात. राबाच्या जागेवर शेण-पाल्याबरोबर खताची गोणीही जळताना मी पाहिली आहे. इथेही कुठले प्लास्टिक हे महत्त्वाचे आहे. पॉलिथीन आणि पॉलिप्रॉपिलीन हे कार्बन-हायड्रोजनच; मेणबत्तीसारखे ठिबकत जळतात. भट्टीत नीट जळले तर कार्बन डायऑक्साइड आणि पाणी. उघड्यावर ते कधीच नीट जळत नाही, धूर होतोच, आणि तो धूर चुलीपुढे बसलेल्या बाईच्या छातीत जातो. थर्माकोलचा धूर काळा, काजळीचे धागे तरंगतात ते सगळ्यांनी पाहिले आहे.

पण पीव्हीसीची गोष्ट निराळी. त्याच्या वजनात शेकडा सत्तावन्न भाग क्लोरीन असते. ते तापले की हायड्रोजन क्लोराइड बाहेर पडतो, म्हणजे ओल्या हवेत, डोळ्यांत आणि नाकात गेल्यावर हायड्रोक्लोरिक आम्ल. तेच आम्ल ज्याची बाटली सर आपल्याला हात लावू देत नव्हते. आणि अर्धवट जळताना डायॉक्सिन नावाची विषे तयार होतात. ती राखेतून, गवतातून, गायीच्या चरबीतून दुधात येतात. आपल्या गावात पीव्हीसी जळते ते कुठल्या रूपाने? जुन्या वायरी, तांबे काढण्यासाठी. तुटके पाइप. रेक्झिन. आणि फ्लेक्स.

माझ्या मागे वळून पाहा. हा आपल्या स्वागताचा फ्लेक्स. आत पॉलिएस्टरची जाळी आणि दोन्ही बाजूंनी पीव्हीसी. बारा फूट बाय आठ फूट. त्यावर आपल्या सर-बाईंचे फोटो आहेत, फार सुंदर आहेत, कुणी केले त्याच्या मेहनतीला नमस्कार. पण त्यावर आजची तारीख छापली आहे, म्हणजे त्याचे आयुष्य संध्याकाळी पाचला संपते. आजच्या दिवसात जे काही प्लास्टिक आपण वापरणार आहोत, त्यात सर्वांत वाईट वस्तू तीच, आणि ग्रुपवर तिच्याबद्दल कुणी एक अक्षर लिहिले नाही! भांडण झाले ते खुर्च्यांवरून.

म्हणून आता निकाल देतो. खुर्च्या घ्याव्यात. खुर्ची पॉलिप्रॉपिलीनची असते, सावलीत वापरली तर पंधरा-वीस वर्षे सहज जाते, आणि मोडली तरी भंगारवाला पैसे देऊन नेतो, वितळून पुन्हा काहीतरी होते. पण खरेदी करताना फसू नका. स्वस्त खुर्चीत भरीला खडूची भुकटी मिसळतात. खुर्ची जड लागते, दुकानदार म्हणतो 'मजबूत माल आहे', आणि वर्षभरात पाय कडाडतो. परीक्षा सोपी आहे. नमुन्याच्या खुर्चीच्या पायाखालून नखाएवढा तुकडा कापून घ्या आणि पाण्याच्या पेल्यात टाका. शुद्ध पॉलिप्रॉपिलीनची घनता ०.९०, म्हणून ते तरंगते. शेकडा पंधराच्या वर खडू असेल तर तुकडा बुडतो. दुकानदाराच्या समोरच करा, भाव आपोआप उतरतो.

टाकीही घ्यावी. तिला आपण 'सिंटेक्स' म्हणतो, कंपनी कुठलीही असो. ती पॉलिथीनचीच. काळीच घ्या. काळा रंग काजळीचा असतो, ती अतिनील किरण स्वतःवर घेते, आणि आत उजेड जात नसल्याने शेवाळही धरत नाही. रंगीत हवी असेल तर आतला थर काळा आहे का बघून घ्या. मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणी मिळणार आहे त्या टाकीने. त्यासाठी हजार लिटरची पॉलिथीनची टाकी लागत असेल तर लागू द्या.

शाळेतल्या विज्ञानाच्या शिक्षकांना एक विनंती. वस्तूखाली त्रिकोणात आकडा असतो: एक म्हणजे पेट, दोन एचडीपीई, तीन पीव्हीसी, चार एलडीपीई, पाच पॉलिप्रॉपिलीन, सहा पॉलिस्टायरीन. मुलांना घरून तुकडे आणायला सांगा. साध्या पाण्यात टाकले की दोन, चार, पाच तरंगतील, बाकीचे बुडतील. मग पाण्यात मावेल तेवढे मीठ विरघळवा; आता सहा नंबरही वर येईल, एक आणि तीन तळालाच राहतील. थर्माकोल यात घेऊ नका, ते हवेच्या जोरावर तरंगते, स्कूटरच्या दिव्याची किंवा जुन्या पेनाची कडक पारदर्शक काच-प्लास्टिक मिळाले तर त्याचा आकडा आधी तपासा. तीन नंबर ओळखायला तांब्याची तार तापवून तुकड्याला टेकवायची आणि पुन्हा ज्योतीत धरायची. पीव्हीसी असेल तर ज्योत हिरवी होते. हे मात्र शिक्षकांनी स्वतः, मोकळ्यावर, तांदळाच्या दाण्याएवढ्या तुकड्यावर करायचे. धारावीत भंगार निवडणाऱ्या कामगारांना यातले काही शिकवलेले नसते, ते आवाजावरून, वाकवून, वासावरून जात ओळखतात. आपल्या पोरांना निदान पाण्याच्या पेल्यावरून ओळखता यावी.

मैत्रिणींना एक सांगायचे आहे, खरे तर मित्रांनाही, चहा आता तेही करतात असे ऐकतो. दुधाच्या पिशवीचा कोपरा कापून वेगळा करू नका. अर्धवट चीर द्या, तुकडा पिशवीलाच लटकू दे. पिशवी चांगल्या पॉलिथीनची असते, धुऊन वाळवली की भंगारात जाते. तो नखाएवढा त्रिकोण मात्र कुणाच्याच हाती लागत नाही, मोरीतून थेट भारंगीत.

राहता राहिला हा फ्लेक्स. संध्याकाळी काढताना तो कुणी गवताच्या गंजीवर घालायला मागेल. देऊ नका. उन्हात त्यातले मऊ ठेवणारे द्रव्य निघून जाते, दोन वर्षांत तो तडकतो आणि तुकडे शेतात पडतात. धान्यावरही घालू नका. शाळेच्या अडगळीच्या खोलीत मोडके बाक ठेवले आहेत, पावसाळ्यात तिथे गळते. त्या बाकांवर घाला; तिथे ऊन नाही, तिथे तो बरीच वर्षे टिकेल. आणि पुढच्या मेळाव्यासाठी कापडाचा फलक करू या. आपल्या वर्गातला एक मित्र अजून हाताने पाट्या रंगवतो. फ्लेक्स आल्यापासून त्याचे काम जवळपास बंद आहे. मी त्याला सकाळी विचारले. दोन दिवसांत करून देतो म्हणाला. त्याला फक्त एवढेच सांगा, की शाळेचे नाव मोठे घाल, 'माजी विद्यार्थी स्नेहमेळावा' घाल, आणि तारीख घालू नकोस.